आवाज काढून टाकलेली पाटी

रविवार, ९ मार्च
सकाळी, चहा झाल्यावर

प्रिय गप्पू,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत आहात असं धरून चालते, कारण तू काही आपणहून कळवणार नाहीस. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. परवा म्हणाली, "तो मला दर आठवड्याला फोन करतो, तुला का गं करत नाही?" मी म्हटलं, त्याला फोनवर बोलायचा कंटाळा. "मला करताना बरा येत नाही कंटाळा," म्हणाली. म्हणून हे पत्र.

माझं नवं काम तुला आवडेल. लहान मुलांच्या रुग्णालयात, हाडांच्या वॉर्डात, मी एक सोय बसवते आहे. आहे साधा टॅब्लेट, पण तिथे टॅब्लेट म्हटलं की पोरं तोंड घट्ट मिटतात, म्हणून सगळे तिला पाटी म्हणतात. पाटीवर एका मुलाची आकृती, समोरून आणि पाठमोरी. जिथे दुखतं तिथे बोट ठेवायचं. मग चित्रं येतात: मुंगी, काटा, दगड, हातोडी, आग. कसं दुखतंय ते निवडायचं. त्यानंतर चेहरे, भीती वाटते का, राग आलाय का, त्यासाठी. आणि शेवटी पाटी ते सगळं मोठ्याने बोलून दाखवायची: "माझी मांडी हातोडीसारखी दुखते आहे." आवाज माझाच. अकरा वेळा रेकॉर्ड केला, तेव्हा कुठे मनासारखा झाला.

पोरं काय काय करतात ते बघत राहावंसं वाटतं. एकाला आग नको होती, कारण आग त्याला आवडते. चार वर्षांचं एक पोर आकृतीवर बोटच ठेवेना, सारखं बाजूच्या कोऱ्या जागेत ठेवायचं. पाटी आपली दरवेळी म्हणायची, पुन्हा प्रयत्न कर. मला वाटलं, त्याला समजत नाही. मग लक्षात आलं, पलंगाशेजारी त्याचा बाबा बसायचा ती खुर्ची त्या बाजूला होती आणि बाबा कामावर गेला होता. मी त्याच दिवशी ती कोरी जागाही उत्तर म्हणून मोजणीत घेतली. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

आता माझ्या फजितीची गोष्ट.

सहा वर्षांची एक मुलगी आहे, मांडीचं हाड मोडलेली, पाय वजन लावून टांगलेला. मोठ्या सिस्टर तिला राणीसरकार म्हणतात. राणीसरकार रोज न चुकता पाटी वापरायची आणि रोज एकच सांगायची: "मला कुठेही दुखत नाही." नऊ दिवस. डॉक्टरांनी पाटी बघून तिचं दुखण्यावरचं औषध कमी केलं, आणि मी चार जणांना सांगत सुटले की बघा, माझं यंत्र कामाला आलं.

दहाव्या दिवशी सिस्टरांनी मला पलंगाशी नेलं. "मॅडम, तुमच्या पाटीत ही अगदी ठणठणीत आहे. जरा ही चादर बघा." चादरीचं टोक चावून चावून ओलं झालं होतं, एका ठिकाणी भोक पडलं होतं. मुलीची आई पाणी भरायला गेली होती. सिस्टरांनी पाटीचा आवाज पूर्ण बंद केला आणि ती तिच्या हातात दिली. राणीसरकारने एकदा दाराकडे पाहिलं. मग मांडी, हातोडी. मांडी, हातोडी. मांडी, आग. बोट थांबेचना.

मी विचारलं, "मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

ती हळूच म्हणाली, "पाटी मोठ्याने सांगते ना. मग आई बाहेर जाऊन रडून येते."

सिस्टर मला बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्यांना बोलतं केलंत ते चांगलंच केलंत. पण कुणासमोर बोलायचं, ते पोरांना विचारलंच नाहीत."

औषध त्याच दुपारी वाढवलं. चार वाजता ती गाढ झोपली होती, चादर सोडून. मी पाटीतून आवाज काढून टाकला. आता मुलाने बोट ठेवलं की ते फक्त सिस्टरांच्या टेबलावर दिसतं. माझे अकरा प्रयत्न गेले पाण्यात.

हे तुला इतकं लांबण लावून का सांगते आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू लहानपणी पुटपुटायचास आणि ते मला एकटीला कळायचं. आई, बाबा, सगळे मलाच विचारायचे, "गप्पू काय म्हणतोय गं?" मला त्याचा केवढा तोरा होता. तू पाच वर्षांचा, मी दहाची. माझ्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं त्या सकाळी तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, कानात टोचतंय. आईने विचारलं, काय म्हणतोय? तू आजारी असतास तर बाबा घरीच थांबले असते आणि प्रदर्शनासाठी मी केलेली विजेची घंटी वाजलेली कुणी पाहिली नसती. मी म्हटलं, "काही नाही, त्याला पण यायचंय."

माझा पहिला नंबर आला. तिसऱ्या दिवशी तुझ्या कानातून पू आला आणि तो कान कायमचा बंद झाला. घरात आजवर सगळे म्हणतात, डॉक्टरांना वेळेत कळलं नाही. मीही तसंच म्हणत आले. डॉक्टरांना कळणार कसं, त्यांच्याकडे नेलंच तिसऱ्या दिवशी.

आईकडे जेवायला बसलो की तू नेहमी तो बंद कान माझ्या बाजूला करून बसतोस. तीस वर्षं मी त्याला योगायोग म्हणते आहे. मला खरंच जाणून घ्यायचंय, गप्पू, तुला ती सकाळ आठवते का. मला फार लाज वाटते. माफी मागते आहे, पण ती द्यायची घाई करू नकोस.

सोबत पाटीवरची आकृती छापून पाठवली आहे. तेव्हा कुठे दुखलं, आता कुठे दुखतं, वाटलं तर खूण कर. भोवती कोरी जागा भरपूर ठेवली आहे, तिथे केलीस तरी चालेल. तशीच परत पाठवलीस तर मी त्याचा अर्थ लावत बसणार नाही, आणि आईने विचारलं तर तिला सांगेन, त्यालाच विचार.

तुझ्या वतीने यापुढे एक शब्दही न बोलणारी,
ताई