पाठ निरीक्षण

देवपूर, धुळे
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप लीलाधर सरांना,
सारिकाचा साष्टांग नमस्कार.

थंडी चांगलीच पडली आहे. बोदवडला इथल्यापेक्षा जास्त असेल, तेव्हा कानटोपी न घालता ओट्यावर बसायचा हट्ट करू नका. अमळनेरला आम्ही आठवीत असताना आम्हाला स्वेटर घालून यायला सांगायचात आणि स्वतः हाफ शर्टात उभे राहायचात. ते वय गेलं आता. तुमची दिपमाला सांगत होती, उजव्या हाताची बोटं आता थोडी हलतात, वाचा मात्र अजून आली नाही. येईल. डॉक्टरांना सगळंच कळतं असं थोडंच आहे.

फोनवर ती माझे आभार मानत होती. "सारिकाताई, शाळेत नानांच्या बाजूने तुम्ही एकट्याच उभ्या राहिल्या." मी "अगं, त्यात काय" म्हणाले आणि कुकरची शिट्टी होतेय असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

तुम्ही शाळेतून गेल्यापासून दहावीचं विज्ञान मीच घेते. मुख्याध्यापिका झाल्यावर खडूची सवय मोडली होती, आता पुन्हा पदर पांढरा होतो. संस्थेने ठरवलंय की उत्क्रांतीचा धडा घ्यायचा, पण सोबत 'दुसरी बाजू'ही सांगायची. बाहेरगावचे एक वक्ते येऊन आम्हा शिक्षकांना ती समजावून गेले. घड्याळाला घडवणारा लागतो, मग डोळ्याला कसा नाही? कोणा बुद्धिमंताने आधी आखल्याशिवाय एवढी बारीक रचना होईल का? मी ते गेल्या आठवड्यात वर्गात जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पोपटाने सुद्धा मान खाली घातली असती.

तिसऱ्या बाकावरची सपना उठली. "मॅडम, मंग बोंडअळीले बी त्यानीच शिकाडं का, आमनी कपाशी खावाले?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "परीक्षेत येणार नाही. बस खाली."

सर, तुमच्या वर्गात असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

ती अळी तुमचीच. जुलैत तुम्ही गेल्या हंगामातलं एक किडकं, वाळलेलं बोंड खिशातून काढून मुलांच्या हातात दिलं होतंत. बियाण्यातच अळीला मारणारं विष आलं, लाखो अळ्या मेल्या, एखादी वाचली. तिची पिल्लं वाचली, त्यांची पिल्लं वाचली, आणि काही वर्षांत शेत त्यांचंच झालं. "हीच उत्क्रांती, पोरांनो. पुस्तकात कशाला शोधता, तुमच्या बांधावर येऊन बसली आहे." सपनाचे वडील रुपचंद तुम्हाला फाटकाशी भेटले, तेव्हा हसून म्हणाले होते, "सर, अळीनं माले पटनं. मानूसनं ऱ्हाऊ द्या." आठ दिवसांनी तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. लीलाधर सरांनी वर्गात देव नाही असं शिकवलं, असं त्यात लिहिलं होतं.

तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. मागून कोणीतरी विचारलं, "मग देवाने काय केलं, सर?" तुम्ही म्हणालात, "देव असेल तर तो घाई करत नाही, एवढं मला कळलंय." मुलं हसली, तुम्हीही हसलात. पूजा झाल्याशिवाय चहा न पिणारा माणूस तुम्ही.

त्या दिवशी पाठ निरीक्षणासाठी मी शेवटच्या बाकावर बसले होते. पहिल्या मिनिटापासून घंटा होईपर्यंत. लॉगबुकात शेराही लिहिला, 'पाठ उत्तम, विद्यार्थी शेवटपर्यंत रमले.' तक्रारीवर संस्थेने चौकशी लावली, तिच्या आदल्या संध्याकाळी ते पान मी फाडलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष झुलाल आबांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही होत्या ना वर्गात?" मी म्हणाले, "मी मध्येच उठून ऑफिसात गेले होते. शेवटचं काही ऐकलं नाही."

तुम्ही समोरच बसला होतात. एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि चष्मा पुसायला घेतलात. माझं खोटं उघडं पाडायला तुम्हाला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही ते बोलला नाहीत. उलट घरी जाऊन लेकीला सांगितलंत की सारिका माझ्या बाजूने उभी राहिली. चौकशीनंतर तुमचा वर्ग काढून घेतला, ऑगस्टमध्ये तुम्हाला झटका आला, आणि त्यानंतर तिचा तो समज दुरुस्त करणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

दिपमाला, हे पत्र तू नानांना वाचून दाखवते आहेस. इथे थांबू नकोस. नानांना यातलं सगळं माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त तुला. तुझे आभार मी सहा वेळा ऐकून घेतले, मोजून सहा वेळा, आणि दरवेळी मला बरं वाटलं. त्याची लाज वाटते.

काल संस्थेची सभा होती. मी उभी राहिले. मी पूर्ण तास वर्गात होते, सर काय म्हणाले ते ऐकलं होतं, पान मी फाडलं, हे सांगितलं. तुमचं वाक्य होतं तसं म्हणून दाखवलं. पर्समध्ये राजीनामा लिहून नेला होता.

आबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. सर आता थोडेच परत शिकवणार आहेत?" इतिवृत्तात दोन ओळी लिहून घेतल्या आणि स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा विषय पुढे घेतला. कोणी आवाज चढवला नाही. राजीनामा कोणी मागितला नाही. चहा आला, तो मी प्याले सुद्धा.

सगळं मिळून पाच मिनिटं लागली, सर. जुलैतही पाचच लागली असती.

सगळं ऐकलेली,
सारिका