दोन हाका आणि मग गप्प

बाबा,

आमच्या ब्लॉकखाली एक रानकोंबडा राहायला आलाय. इथे टॅम्पिनीसला, एवढ्या उंच इमारतींच्या मधे, कार पार्कच्या कडेच्या झुडपांत. आपल्याकडच्यासारखा करडा नाही, हा तांबडा आहे, शेपटी काळी-हिरवी, आणि तोरा असा की जणू आम्हा सगळ्यांचं भाडं तोच भरतो. उजाडायच्या आधीच आरवायला लागतो. शेजारच्या चिनी आजी त्याच्याकडे बघून हसतात. वरच्या मजल्यावरच्यांनी मात्र तक्रार केली आहे, आणि पक्ष्यांना खायला घालू नका अशी सूचना लिफ्टमध्ये लागली आहे. तुमचा जावई डोक्यावर उशी घेऊन झोपतो. मी जागीच असते. हल्ली झोप अशी लागतच नाही, नुसतं दमायला होतं. आडवी पडून दमते, उठून दमते, ऑफिसात खुर्चीत बसून दमते. तो आरवला की आधी तुमची शिकारीची खाकी पिशवी आठवते आणि मग तुम्ही.

हे पत्र कुठे टाकणार आहे कुणास ठाऊक. पण जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर आधी धरण, मग डोंगर, मग तुम्ही, असं सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागेल, आणि तेवढं त्राण माझ्यात उरलेलं नाही. तुम्हाला निदान सुरुवात तरी माहीत आहे.

घाटमाथ्यावरच्या त्या कॉलनीत होळी झाली, थंडी ओसरली आणि सावर लाल झाली की तुमचं चित्त थाऱ्यावर नसे. वीजघरातली पाळी संपवून यायचात आणि चहा पिता पिता कान डोंगराकडे. आजोबांची ठासणीची बंदूक, शेतराखणीच्या परवान्यावरची, माळ्यावरून खाली यायची. रानकोंबडा मारणं तेव्हाही कायद्यात बसत नव्हतं. पण कॉलनीत त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, आणि साहेबांच्या घरी एक वाटी रस्सा पोचला की साहेबही बोलायचे नाहीत. आई म्हणायची, "पोरीला कशाला नेताय रानात?" तुम्ही म्हणायचात, "ही गप्प बसते. पोरगे बसत नाहीत." त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. शाळेत, कॉलेजात, इथल्या मीटिंगांतसुद्धा. गप्प बसणं हा माझा मोठाच गुण आहे अशी माझी समजूत होती.

ती एक पहाट मला अजून जशीच्या तशी दिसते. आपण ओढ्याच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीला पाठ लावून बसलोय. दगड गार आहे, माझा फ्रॉक मागून ओला झालाय आणि तुमच्या स्वेटरला बिडीचा वास येतोय. तुम्ही करंजाचं कोवळं पान ओठांत धरता आणि कोंबडी बोलते, घशातल्या घशात, अगदी घरातल्यासारखी. समोरच्या डोंगराच्या धारेवरून कोंबडा ओरडून उत्तर देतो. माझ्या अंगावर काटा येतो. तुम्ही थांबता, पुन्हा एकदा पान वाजवता, आणि मग ते पान सरळ खिशात. कोंबडा ओरडतोय, पुन्हा ओरडतोय, आणि तुम्ही देवळातल्या मूर्तीसारखे. मी तुमची बाही ओढते, वाजवा ना अजून एकदा. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी नाही म्हणता. नंतर उतरताना सांगितलंत, "कोंबडी दोनदा बोलते. तिसऱ्यांदा बोलतो तो माणूस, हे त्याला बरोबर कळतं. आपण गप्प झालो की त्यालाच राहवत नाही. मग तो येतो." मी विचारलं, "आणि नाहीच आला तर?" तुम्ही म्हणालात, "तर नाही आला."

त्या दिवशी तो आला होता खरं तर. पण आपण समोर डोळे लावून बसलेलो आणि तो आला मागून. पाठीमागे वाळक्या पाल्यात पाय वाजला आणि माझी मान वळली. एवढंच. पंख फडफडले आणि संपलं. घरापर्यंत तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. दारात चपला काढताना म्हणालात, "हललीस." मी नळापाशी जाऊन रडले. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, आवाज चढवला नाहीत, पण तो एक शब्द माझ्या मानेत बसला तो आजतागायत. कुणी मागून हाक मारली तरी मी पटकन वळत नाही. ऑफिसातली पोरं म्हणतात, मॅडमना ऐकू कमी येतं.

पुढच्या रविवारी मिळाला एक. आई स्वयंपाकघरात शिजवू द्यायची नाही, म्हणून मागच्या दारी तीन दगडांची चूल आणि तुमचं वेगळं पातेलं. पण वाटण तिचंच. सुकं खोबरं, कांदा निखाऱ्यावर भाजून, पाटा अंगणात आणून वाटायची आणि तोंड फिरवून बसायची. "मी खात नाही, पण कच्चं वाटण घालून वाया तरी घालवू नका," असं वर ऐकवायची. मला दया वगैरे काही आली नव्हती, बाबा. मी दोनदा वाढून घेतलं. त्याच्या मानेवरचं पिवळ्या ठिपक्यांचं पीस तुम्ही धुऊन माझ्या कंपासपेटीत ठेवलंत. हललीस म्हटल्याची ती भरपाई होती हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता तुमच्या नातीचं सांगते. तुम्ही तिला फक्त रांगताना पाहिलंत. आता ती चोवीस वर्षांची घोडी झाली आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत देते. चांगली बँकेत लागली होती. एक दिवस मला न सांगता नोकरी सोडली आणि जुरोंग ईस्टला एका छोट्या बेकरीत पाव भाजायला लागली. मला कळलं ते दुसऱ्याच कुणाकडून. मी संध्याकाळी तिला समोर बसवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हणाले, "तुझ्यासाठी आम्ही या देशात राहिलो. तुझ्या आजोबांना तिकडे एकटं टाकून राहिलो." तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "नोबडी आस्क यू टू स्टे, व्हॉट." आणि पिशवी भरून बेकरीतल्या मैत्रिणीच्या खोलीवर गेली. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. हिरव्या लाईनच्या एमआरटी गाडीत बसून राहिलं की येतंच ते स्टेशन, पण मला ते परदेशासारखं वाटायला लागलं.

एकुलती एक पोर आहे, बाबा. ती घराबाहेर गेली तशी घरातली हवाच गेली. मी तिला दोनदा फोन केला. पहिल्यांदा तिने घेतला, हो-नाही केलं. दुसऱ्यांदा घेतलाच नाही. तुमचा जावई म्हणाला, "अगं, थांब जरा. सारखी मागे लागलीस तर अजून लांब जाईल." आणि मला एकदम तुमचं आठवलं. दोन हाका आणि मग गप्प. त्यालाच राहवत नाही, मग तो येतो. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मला जमणारी एकमेव गोष्ट तेवढ्यात कामाला आली. मी फोन पालथा ठेवायला लागले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सकाळी तो खालचा कोंबडा आरवायचा आणि मी छताकडे बघत मनात म्हणायची, ओरड बाबा, तू तरी ओरड. मग एका सकाळी तो आरवलाच नाही. उठून खिडकीशी गेले तर झुडपाखाली होता, खाली मान घालून चरत होता. एका कोंबड्यासाठी एवढा जीव घाबरा व्हावा, इतकी माझी दशा झाली होती.

गेल्या रविवारी तुमच्या जावयाने मला ओढून पुलाउ उबीनला नेलं. छोटं बेट आहे, चांगीहून बमबोट म्हणतात त्या छोट्या लाकडी बोटीत बसून जायचं. जुनी लाकडी घरं, झाडी, लोक सायकली चालवतात. तो सायकल घेऊन गेला, मी म्हटलं माझ्याच्याने होणार नाही, मी इथेच बसते. खारफुटीच्या कडेला बसायला गेले आणि वर बघते तर करंज. आपला करंज, बाबा. तीच चकचकीत कोवळी पालवी. इथे झाडाचं पान तोडलेलंही चालत नाही. मी इकडेतिकडे बघून एक तोडलं. पहिल्यांदा नुसती थुंकी आणि वारा. मग ओठ कसा दाबायचा ते आठवलं, आणि कोंबडी बोलली. जरा घोगरी, वयस्क, पण बोलली. आतल्या झाडीतून कोंबड्याने उत्तर दिलं. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघ्याला पट्टा, हातात पाण्याची बाटली, आणि माझ्या अंगावर पुन्हा तोच काटा. दुसऱ्यांदा वाजवलं आणि पान खिशात ठेवलं.

तो मागूनच आला. पाल्यात पाय वाजला. मी हलले नाही, बाबा. शप्पथ. श्वासही रोखून धरला. तो माझ्या बाजूने पुढे आला, हात लांब केला असता तर शेपटी लागली असती. त्याने मान वाकडी करून झुडपात पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला पाहिलं. मग मातीत पायाने थोडं उकरलं, जसं काही आपण यासाठीच आलो होतो, आणि निघून गेला. मला वाटलं होतं, आनंद होईल. झाली ती शरम. त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून तो आला होता, आणि हाक मारणारं कुणी नव्हतंच. तिथे बसल्या बसल्या मला लख्ख दिसलं की मी माझ्या पोरीची वाट बघत नव्हते, मी तिच्यासाठी टपून बसले होते. ती येईल, मान खाली घालून येईल, आणि मी जिंकले असं होईल, याची ती वाट होती.

धक्क्यावर परत आलो तर बोट सुटायला वेळ. बारा माणसं जमल्याशिवाय ते बोट हलवत नाहीत, आणि आम्ही मोजून पाच. तुमचा जावई नारळपाणी आणायला गेला. मी फोन काढला आणि तिसऱ्यांदा लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

"आई?"

"काही नाही गं. असाच केला."

मग म्हणाली, "व्हाय यू स्टॉप कॉलिंग? आय एव्हरी डे चेक माय फोन, यू नो. आय थॉट यू डोन्ट वॉन्ट मी ऑलरेडी."

मी म्हटलं, "मला वाटलं तुला आवडत नाही."

"डोन्ट लाइक, बट स्टिल कॉल, लाह." मग नाक ओढलं तिने. "सो नॉइझी. व्हेअर आर यू?"

"उबीनला. कोंबडा बघायला आले होते."

"सिरियसली, आई?" ती हसली, बाबा. रडता रडता हसली. "नेक्स्ट संडेला येते. पाव आणते. बट डोन्ट स्टार्ट, ओके?"

"नाही करत सुरू," मी म्हटलं. जमेल की नाही देव जाणे.

उद्या रविवार. मी आईसारखं कांदाखोबऱ्याचं वाटण केलंय, बाजारातली कोंबडी आणलीय. पाव तिचा. हे सगळं छान झालं, आणि तरी त्या दिवसापासून मी जास्तच दमले आहे, त्याचं कारण तुम्ही आहात.

आई गेल्यानंतरचा तो उन्हाळा लागत होता. तुम्ही रिटायर होऊन घाटाखालच्या घरात एकटे. तुमचा फोन आला, "सावर फुलली. येतेस का?" माझ्या कडेवर वर्षाची पोर, ऑफिसात नवं काम. मी म्हटलं, "बघते, बाबा." पुढच्या रविवारी पुन्हा फोन. "कोंबडा धारेवर ओरडतोय. येतेस का?" मी म्हटलं, "बघते." त्यानंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी दर रविवारी फोन करायची, तुम्ही पाण्याचं सांगायचात, दूधवाल्याचं सांगायचात आणि "बरं, ठेव," म्हणायचात. सगळे म्हणायचे, बाबांनी किती छान सांभाळलंय स्वतःला. आषाढात तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा अंगणात नुसती माणसं होती, आणि खुंटीवर तुमचा स्वेटर.

इतकी वर्षं मी हेच धरून चालले की तुम्हाला माझी तशी गरज नव्हती. त्या दिवशी धक्क्यावर कळलं की तुम्ही पान खिशात ठेवून बसला होतात.

हे कुणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या जावयालाही नाही. तेव्हा मी एजंटकडे जाऊन तिकिटाचं विचारून आले होते. तुम्ही आणखी एकदा येतेस का म्हणालात की लगेच हो म्हणायचं, असं ठरवलं होतं. दर रविवारी फोन ठेवायच्या आधी मी थोडी थांबायची. तुम्हीही थांबायचात, मला ऐकू यायचं. तुम्ही तिसऱ्यांदा बोलला नाहीत, आणि मी हलले नाही.