आधीच सोडलेली गाठ

हामाशिरो
जुलैअखेर

प्रिय शिगे,

पाकिटामागे ‘मुरोता’ हे नाव वाचून तू आधी चष्मा पुसला असशील आणि मग बायको जवळपास नाही ना, ते बघितलं असशील. घाबरू नकोस, बसून वाच. गुडघे कसे आहेत? तुझी सून मासाए सांगत होती की तुला हल्ली जिना चढवत नाही, म्हणून तू यंदा शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी येणार नाहीस. तुमच्या मात्सुएहून येणारी बस देवळाच्या टेकडीखालीच थांबते आणि तिथून तंबूंपर्यंत मी तुला माझ्या गाडीने नेईन, हे मी तिला परस्पर सांगून टाकलंय. म्हणजे गुडघ्यांची सबब गेली. दुसरी शोधायला तुझ्याकडे अजून थोडे दिवस आहेत.

मी गावात परत आल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. कुरेच्या गोदीतून निवृत्त झालो, बायको गेली, आणि मी सामान बांधून इथे आलो. लोक म्हणाले, म्हातारपणी माणसाला जन्मगावाची ओढ लागते. म्हणू देत बापडे. मी ओढीने आलो नाही, डूख धरून आलो. आलो तेव्हा आपलं स्काउटचं पथक शेवटच्या घटका मोजत होतं. चार पोरं, गळके तंबू, आणि कधी एकदा हे गळ्यातलं लोढणं जातंय याची वाट पाहणारा एक प्रमुख. मी त्याला म्हटलं, तू सोड, मी सांभाळतो. त्याने माझं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना.

कारण तुला ठाऊक आहे. या पथकात माझं नाव हे नाव उरलेलंच नाही. कुणी चूल पेटती टाकून उठलं, कुणी निखाऱ्यांवर पाणी ओतायचा कंटाळा केला, की पोरं आजही एकमेकांना ओरडतात, ‘मुरोता करू नकोस!’ मी गाव सोडल्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी हे शब्द उचलले. मुरोता हा कधी काळी एक जिवंत मुलगा होता, हेही त्यांना माहीत नाही. तुझं नाव मात्र पथकाच्या खोलीत पितळी पाटीवर आहे, उत्तम तुकडीनायक म्हणून. दर शनिवारी मी स्वतःच ती पाटी पुसतो. चकचकीत ठेवलीय, काळजी नको.

पथक बंद पडलं असतं तर ती पाटी भंगारात गेली असती आणि माझं नावही विसरलं गेलं असतं. कुणाला वाटेल, बरंच झालं असतं की. मला तसं सुटायचं नव्हतं. म्हणून मी दारोदार हिंडलो. रविवारी मासळी बाजारासमोर मोठ्ठं पातेलं लावून करी-भात रांधला, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना दोरी देऊन गाठी मारायला लावल्या. आयांना अस्वलांची भीती, बापांना शिकवणीची काळजी, पोरांना मोबाइल सुटायची धास्ती. मी सगळ्यांना एकच सांगायचो, एका रात्रीसाठी पाठवा, नाही आवडलं तर सकाळी मी स्वतः घरी आणून सोडतो. कुणालाच आणून सोडावं लागलं नाही. तोफूच्या दुकानातली बाई पत्रक हातात धरून म्हणाली, “मुरोता? म्हणजे ते ‘मुरोता करू नकोस’मधले?” मी म्हटलं, “तेच. पोरांना पाठवा बिनघोर. आग विझवायच्या बाबतीत माझ्याइतका भित्रा माणूस तुम्हाला अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही.” ती इतकी हसली की तिने दोन्ही पोरं पाठवली. आज आपल्याकडे इतकी पोरं आहेत की स्कार्फ कमी पडले, नवे शिवून घेतले.

तुझी नात चितोसे मात्र पत्रक न देताच आली. मासाए तिला घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, आजोबा स्काउट होते, हिलाही यायचंय. माझ्या नशिबाने ताट वाढून पुढे ठेवलं असं मला वाटलं, शिगे. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला पोर दिसली नाही, तुझं आडनाव दिसलं. मग ती पोर दिसायला लागली, त्याला माझा इलाज नव्हता. ती पावसात तंबूच्या दोऱ्या ढिल्या करायला कुणी न सांगता उठते. भाताचे गोळे वळताना स्वतःसाठी सगळ्यांत लहान ठेवते. आणि तोंडाने फटकळ आहे, ते मात्र तुझ्याकडचं नव्हे. पहिल्याच शिबिरात एकजण ‘मुरोता करू नकोस’ म्हणून ओरडला आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा ही सरळ येऊन म्हणाली, “सर, तुम्ही खरंच केलं होतं का तसं?” मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “तुम्ही तर विझलेल्या राखेतही हात घालून बघता. मला नाही खरं वाटत.”

माझ्या बापाला जे कधी वाटलं नाही ते तुझ्या नातीला वाटलं. त्या संध्याकाळी मी पातेली घासायला म्हणून ओढ्यावर जाऊन बसलो होतो.

आता ती सकाळ. तू विसरला असशील असं मी धरून चालत नाही. शिबिराचा शेवटचा दिवस, न्याहारीची चूल विझवायची पाळी माझी. खाली बाबा उसनी गाडी घेऊन तंबू न्यायला आले होते आणि हॉर्न वाजवत होते. आपल्या सगळ्यांच्या स्कार्फच्या टोकाला गाठ होती, रोज सकाळी मारतो ती. दिवसातलं एक सत्कृत्य झालं की सोडायची. तू म्हणालास, “त्सुने, तू जा, बाबा खोळंबलेत. चूल मी विझवतो. हेच माझं आजचं सत्कृत्य.” आणि माझ्यादेखत तू गाठ सोडलीस, हसत हसत. चूल अजून धगधगत होती. काम व्हायच्या आधी गाठ सोडायची नसते, हे तू आम्हा सगळ्यांना शिकवायचास, आणि त्या दिवशी तूच सोडलीस. मग पथकप्रमुख ओगिनो सरांनी फोटोसाठी हाक मारली, सगळे देवळासमोर रांगेत उभे राहिले, फोटो झाला, मी तंबू उचलून बाबांकडे धावलो आणि तू ओढ्यावर पोहायला. आपण सगळे पुन्हा टेकडीखाली जमलो तेव्हा वर धूर दिसला. वाळलेल्या पाइनच्या काड्या, वारा, आणि शेजारीच देवळाची कोठी. कोठीत गावच्या देवाची पालखी होती. उत्सव तोंडावर आलेला.

ओगिनो सरांनी विचारलं, चुलीवर कोण होतं. मी खरं ते सांगितलं, की शिगे म्हणाला मी विझवतो. तू म्हणालास, “मी असं काही म्हणालो नव्हतो.” एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाहीस, जमिनीकडे बघून म्हणालास. वाड्यावरच्या कुझुमींचा मुलगा खोटं बोलेल का, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं आणि होड्यांच्या सुताराचा मुलगा खोटं बोलेल असंही होतं. मी काही पुन्हा बोलायला गेलो तर सर म्हणाले, एक चूक केलीस ती केलीस, वर मित्रावर ढकलू नकोस. त्यांनी माझ्या गळ्यातला स्कार्फ काढून घेतला. माझी गाठ तशीच होती. तुझी सुटलेली होती, तुझ्या छातीवर सरळ लोंबत होती, आणि इतक्या सकाळी याने कोणतं सत्कृत्य उरकलं हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. बाबा मला घेऊन प्रत्येक दारात गेले. साकेची बाटली पुढे ठेवायची, कपाळ जमिनीला टेकवायचं, पुढचं दार. तुझ्या वाड्यावरही आलो. तुझ्या वडिलांनी बाटली घेतली आणि मोठ्या मनाने म्हणाले, मुलंच आहेत, व्हायचंच असं. मागच्या सरकत्या दाराच्या फटीत तुझा पांढरा मोजा दिसत होता. मी वाट बघत होतो की तो मोजा एक पाऊल पुढे येईल. कपाळ जमिनीला टेकलेलं असताना मी फक्त तेवढंच बघत होतो. नाही आला. त्या वर्षी पालखी निघाली नाही, आणि ज्याच्या पोराने देवाची पालखी जाळली त्याच्याकडे होडी दुरुस्तीला कोण देणार? आम्ही कुरेला गेलो. दुसऱ्याच्या होड्या मनासारख्या बांधणारा माझा बाप तिथे गोदीत लोखंड घासत म्हातारा झाला. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बोलावलं. “झालं ते झालं. आता तरी खरं सांग, तूच ना?” मी म्हटलं, “नाही, बाबा.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ते तोंड मला परत दिसलं नाही. शिगे, कोठी, पालखी, गाव, हे सगळं मी एखादे वेळी सोडूनही देईन. ती फिरलेली पाठ मी तुला सोडणार नाही.

मग मी गावाला सरळ सांगत का नाही, असं तुला वाटेल, आणि वाटून जरा बरंही वाटेल. एक तर, माझं एकदा ऐकून झालंय. दुसरं म्हणजे पोरं ती पोरंच. मी सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून ती ‘कुझुमी करू नकोस’ म्हणून ओरडतील, आणि तुकडीत कुझुमी एकच आहे, ती लहान गोळा स्वतःला ठेवणारी. बाबांच्या वाट्याला आलं ते मी तिच्या वाट्याला येऊ देणार नाही. माझा दावा तुझ्याशी आहे. ते तुझ्याच तोंडून यायला हवं. स्वतःची चूक स्वतः उभं राहून सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या नातीला पोरं चिडवत नाहीत, एवढं मी त्यांना ओळखतो.

आणि आता पत्राचं कारण. त्या सकाळचा फोटो पथकाच्या खोलीत अजून भिंतीवर आहे, तुझ्या पाटीच्या खालीच. मागच्या शनिवारी पोरं झाडलोट करत होती. मी त्यांना नेहमीसारखं बजावत होतो, आधी काम, मग गाठ. चितोसे स्टुलावर चढून फोटो पुसत होती. ती एकदम म्हणाली, “सर, बघा ना! सगळ्यांच्या गाठी आहेत, फक्त आजोबांची सुटलीय. म्हणजे फोटोच्या आधीच त्यांचं सत्कृत्य झालं होतं!” किती अभिमान होता तिच्या तोंडावर, तुला सांगून कळायचं नाही. मग तिने मला विचारलं, काय केलं होतं हो त्यांनी? मी तिथेच उभा होतो, तिच्याएवढ्याच तुझ्या फोटोसमोर. इतकी वर्षं ज्या प्रश्नासाठी थांबलो तो असा हसत आला. मी म्हटलं, आजोबांनाच विचार. तुला आठवत असेल, शेवटच्या संध्याकाळी शेकोटीभोवती पोरं पाहुण्यांना एकेक प्रश्न विचारतात, सगळ्या पालकांसमोर. पहिला प्रश्न तिचा आहे. तिने तो आत्तापासून पाठ केलाय. मी तिला काहीही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू आला नाहीस तर फोनवर विचारणार आहे म्हणते, आणि ती विचारल्याशिवाय राहणारी नाही. तुला आधी कळवतोय ते दयेने नाही. तू अचानक सापडलास तर ओठावर येईल ते बोलून मोकळा होशील. मला तू विचार करून यायला हवा आहेस. रोज रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर तुला तो प्रश्न ऐकू यायला हवा. खोटं सांगायचं असेल तर जरूर सांग, तुला ते जमतं. फक्त या वेळी जमिनीकडे बघून भागणार नाही. ती उत्तर ऐकताना माणसाच्या डोळ्यांत बघते. तुझी खुर्ची शेकोटीच्या अगदी जवळ ठेवतो, गुडघे शेकतील.

ज्याच्यासाठी तू त्या सकाळी गाठ सोडलीस, तो
तुझाच,
त्सुनेओ मुरोता