नवसाबाईचं कपलिंग

मी, श्रीमती नवसाबाई वाळू विधाते, वय ६७, धंदा प्लंबिंग, राहणार मखमलाबाद नाका, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र आज पूर्ण शुद्धीवर असताना, पोटभर जेवून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहवून ठेवते. सुरुवातीला 'देहाचा भरवसा नाही' असे घाला, असे वकील निकिताताईंनी सांगितले होते. माझा देहावर अजून भरवसा आहे. माणसांवर नाही, म्हणून हा कागद. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर मी माझ्या कमाईतून, माझ्या एकटीच्या नावावर घेतले आहे. त्यात सासरची एक वीटही नाही. माझे पती कै. वाळू गेले तेव्हा मुलगा राज मांडीवर होता, आणि धाकटे दीर गोटीराम यांनी फुलांच्या मळ्यातला आमचा वाटा 'सांभाळायला' घेतला. ते तो अजून सांभाळत आहेत. मी बांधकामावर रेती वाहायला गेले. तिथे देवळ्याचे हिरामण आहेर उंच इमारतींना सांडपाण्याच्या उभ्या लाइनी टाकत. विधुर माणूस, कमी बोलणारा. मी त्यांच्या हाताखाली लागले, मग बरोबरीने लागले, आणि पुढे ते या घरात राहायला आले. लग्न आम्ही केले नाही. मला पुन्हा कोणाचे आडनाव लावायचे नव्हते, आणि त्यांना ते पटले.

माझ्यामागे हे घर हिरामण यांनी हयातभर वापरावे. पुढच्या दाराने यावे-जावे, ओट्यावर पाय पसरून बसावे. त्यांच्यानंतर घर राज आणि सून शुभांगी यांचे, निम्मे-निम्मे.

कलम २. हे का लिहावे लागले तेही सांगते. या दिवाळीत फराळाला बसलो असताना राज म्हणाला, "आई, तुझ्यामागं काकांनी देवळ्याला जावं. लोक विचारतात, ते आपले कोण? मी काय सांगू?"

हिरामण तिथेच चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि पिशवीत कपडे भरायला लागले. "मी जास," म्हणाले, "पोऱ्याले तरास नको." देवळ्याला त्यांचे आता कोणी उरलेले नाही, आणि हात कापतात म्हणून कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. मी पिशवी ओढून घेतली आणि "कुठं नाय जायचं" एवढेच म्हणाले. राग इतका आला होता की पुढचे सुचले नाही. ते आता सुचले आहे.

हाच प्रश्न गोटीराम यांनी राजच्या लग्नात भर मांडवात केला होता. "वहिनी, हे पाव्हणे तुमचे कोण लागतात?" मी म्हणाले, "कपलिंग." मांडव हसला. तेव्हापासून गल्लीत हिरामण यांना 'नवसाबाईचं कपलिंग' म्हणतात. चिडवायला ठेवलेले ते नाव मी दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतले. राजला मात्र त्याचा अर्थ अजून कळलेला नाही. वकीलबाई म्हणतात, कायद्याला याची गरज नाही. मला आहे.

जुन्या बिडाच्या पाइपाला एका टोकाला रुंद तोंड असते. त्याला मादी म्हणतात, दुसऱ्या टोकाला नर. नर मादीत घालायचा, फटीत ताग ठोकायचा, वरून वितळलेले शिसे ओतायचे. ते थिजले की सुटका नाही, वेगळे करायचे तर फोडावे लागते. माझे लग्न तसे झाले होते. वाळू वाईट नव्हते, पण शिसे त्यांच्या घरच्यांनी ओतले होते.

पुढे सॉकेट नसलेले पाइप आले. दोन्ही टोके सारखी, ना नर ना मादी. दोघांवर मिळून एक रबर चढते, रबरावर स्टीलचा पट्टा, पट्ट्यावर क्लॅम्प. रबराच्या आत मधोमध एक कड असते. इकडचा पाइप तिथवर येतो, तिकडचा तिथवर येतो, कोणी कोणात घुसत नाही. जोडावर वजनही टाकायचे नसते, ज्याचा त्याचा आधार भिंतीत वेगळा हवा. याला कपलिंग म्हणतात. नको झाले तर स्क्रू सैल केले की दोघे मोकळे. आम्हालाही रोज मोकळे होता येत होते. एकही दिवस झालो नाही. राज, लोकांनी विचारले तर हे सांगायचे.

कलम ३. दुकान, पाटी आणि सगळी हत्यारे शुभांगीला. त्यात टी-हँडलचा पाना आहे, तो जपावा. क्लॅम्प पुरेसा आवळला की तो टिक् करतो आणि जोर धरत नाही. हिरामण शिकवताना म्हणत, "आवाज ऊना ना? आते थांब." आवाज आला की थांबायचे. राजही एक उन्हाळा कामाला आला होता. त्याचे नुसत्या टिक्‌ने भागत नसे. साधा पाना घेऊन तो वर आणखी एक पीळ देई. घट्ट म्हणजे मजबूत, असे त्याला वाटते. रबर चिरले आणि गंगापूर रोडला एका बंगल्यात थेट देवघरावर पाणी टपकले. घरातल्या माणसांशीही तो तसाच वागतो. शुभांगीने पहिल्याच दिवशी आवाज ऐकून हात काढला आणि विचारले, "आई, झालं का?" झालं होतं. पाटी कोणी बदलू नये.

कलम ४. शिसे वितळवायची लोखंडी पळी गोटीराम यांना. जुन्या पद्धतीचे जोड त्यांना आवडतात.

कलम ५. बँकेतली ठेव आधी हिरामण यांच्या औषधपाण्याला, उरेल ती राजला. वाळूंचे मनगटी घड्याळ राजला. ते बंद आहे, चालू करायला जाऊ नकोस, पिळून ठेवशील. राजवर माझा राग आहे आणि जीवही आहे. दोन्ही त्यालाच देते.

कलम ६. हिरामण यांना राजने किंवा राजच्या वतीने कोणी घर सोडायला सांगितले, कुलूप लावले, पाणी तोडले, किंवा 'चार दिवस हवापालट करून या' असे गोड बोलून गाडीत बसवले, तर घरातला राजचा हिस्सा शुभांगीचा होईल. हिरामण स्वतःच पिशवी भरू लागले तर शुभांगीने ती रिकामी करावी. पिशवी कुठे असते ते तिला माहीत आहे.

कलम ७. या कागदाची अंमलबजावणी वकील निकिताताईंनी करावी.

कलम ८. अग्नी राजने द्यावा. दहावा रामकुंडावर करावा. हिरामण यांना तिथे पुढे उभे करावे, मागे पायरीवर नाही. पिंडाला कावळा शिवला नाही तर गोटीराम पुढे होऊन काशी बोलतील, नातवंडाचे बारसे बोलतील. त्यांना बोलू द्यावे, कावळा येणार नाही. दर्भाचा कावळाही करू नये. राजने हिरामण यांच्याकडे तोंड करून, सगळ्या भावकीला ऐकू जाईल असे म्हणावे, "काका, आपल्या घरी चला." तेवढे माझ्या कानावर आले की मी येते.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. साक्षीदार म्हणून हिरामण यांना सही करायची होती. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून ते बाहेर ओट्यावर बसले आहेत.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) नवसाबाई वाळू विधाते

नवसाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार :
१. (सही) सुनील केरू मौले, शेजारी
२. (सही) वत्सलाबाई दामू पुंड, भाजीविक्रेत्या, पंचवटी