इंजिनाच्या पाठीवरची तारीख

लडलो, श्रॉपशर
गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

आदरणीय ऑड्रीवहिनींना मॅल्कमचा सविनय नमस्कार.

तुमचा नवा गुडघा कसा आहे? जिना चढताना आधी चांगला पाय टाकायचा आणि उतरताना आधी दुखरा, हे तुम्हाला इस्पितळात सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर माझ्यावर विश्वास ठेवा, मी नीट वाचून काढलं आहे. सिडमथला समुद्राचा वारा फार असतो, तेव्हा गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधत जा. जिलियन मजेत आहे. तुमच्या मार्मलेडच्या सहा रिकाम्या बरण्या तिने धुऊन ठेवल्या आहेत (पाचच दिल्या होत्या असं तुम्ही म्हणाल, पण सहा होत्या). माझं म्हणाल तर रक्तदाब ठीक, झोप ठीक, आणि तरीही मी ठीक नाही. कारण तुमची गाडी. म्हणजे माझी. म्हणजे जेफ्रीची.

सहा ऑक्टोबरच्या रविवारी चर्चच्या सभागृहात आमच्या ऑल्डरटन मोटारींच्या क्लबची वार्षिक सभा आहे. आपली गाडी अस्सल गाड्यांच्या नोंदवहीत राहणार की तिचं नाव खोडलं जाणार, हे त्या सभेत हात वर करून ठरेल. आणि गाडी गेली की मीही गेलो, कारण नोंदणीकाराची स्वतःची गाडी अस्सलच असली पाहिजे असा नियम आहे. (नियम मीच केला.) सोळा वर्षं ती नोंदवही मी सांभाळली, वहिनी, आणि त्यातली पहिली पाच वर्षं तर माझ्याकडे गाडीसुद्धा नव्हती, नुसतं ज्ञान होतं. पाण्याचे मीटर वाचत फिरणारा माणूस मी, कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पण बर्मिंगहॅमचे पदवीधर इंजिनिअर मला फोन करून विचारतात की पासष्ट सालच्या ऑल्डरटनच्या रेडिएटरच्या नळीला कुठल्या जातीचा चाप असायचा. मी डोळे मिटून सांगतो. असा माणूस सहा ऑक्टोबरला शेवटच्या रांगेत खुर्ची घेऊन बसणार, आणि पुढे टेबलामागे इडवल प्यू नावाचा बेकरीवाला बसणार.

जेफ्री गेल्यावर तुम्ही गाडी मला दिलीत ती कुठल्या अवस्थेत होती, हे उगाळण्याची माझी इच्छा नाही. पण उगाळतो. सीटखाली वाळू होती, कुत्र्याचे केस होते, आणि एक अख्खा वाळलेला मासा होता. बैठकीला तुमच्या जुन्या पडद्यांचं कापड होतं. (फुलं छान होती, पण कारखान्याने फुलं दिली नव्हती.) पाण्याच्या नळीला वॉशिंग मशीनचा चाप. डाव्या बाजूचा आरसा कुठल्या तरी ट्रॅक्टरचा. आमच्या जेफ्रीला गाडी म्हणजे पायातली चप्पल, पाऊस असो, बर्फ असो, छप्पर उघडं टाकून निघायचा, आणि छप्पर घाल म्हटलं की म्हणायचा, "मग बस काय वाईट आहे?" त्या माणसाने अडतीस वर्षांत त्या गाडीला एकदाही मेण लावलं नाही, आणि तरी ती कधी रस्त्यात बंद पडली नाही, हा अन्याय मी अजून पचवलेला नाही.

मी अकरा वर्षं घालवली. रंगाची नेमकी छटा मिळवायला चार वर्षं गेली, कारण तेव्हाचा हिरवा आता कुणी बनवत नाही; शेवटी हेरफर्डच्या एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये न उघडलेला डबा सापडला. डॅशबोर्डवरच्या एकोणीस स्क्रूंच्या खाचा कारखान्यातून येताना कुठल्या दिशेला असायच्या ते मी जुन्या फोटोंवरून भिंगाने पाहून ठरवलं. या अकरा वर्षांत गाडी चालवली एकूण दोनशे बारा मैल. ट्रेलरवर उभी राहून ती याच्या दहापट फिरली असेल. जिलियनला हे विनोदी वाटतं. पण गाडीचा उपभोग म्हणजे ती पळवणं, ही समजूत ज्यांना गाडी कळत नाही त्यांची. खरा उपभोग म्हणजे ओल्या गवतात गाडीमागे घडीच्या खुर्च्या टाकून, मांडीवर घोंगडी, हातात थर्मासचा चहा आणि अंड्याचं सँडविच घेऊन बसणं, आणि येणाऱ्या जाणाऱ्याने "आमच्या काकांकडे अगदी अश्शीच होती" म्हटलं की ती कशी अश्शी नव्हती हे त्याला समजावून सांगणं. लोक ऐकून घेतात. काही जण तर अर्धा अर्धा तास ऐकतात, तोपर्यंत त्यांच्या घरचे पुढे निघून गेलेले असतात.

आता प्यूबद्दल, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. चार वर्षांपूर्वी त्याची गाडी मी नोंदवहीतून काढली. त्याच्या वडिलांनी कधीतरी इंजिन बदललं होतं. इंजिन बदललेलं असलं तरी गाडी अस्सल धरता येते, पण कलम चौदाप्रमाणे दोन अटी आहेत: जुन्या इंजिनात कारखान्यातूनच आलेला दोष हवा, आणि इंजिन बदलताना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची लेखी साक्ष हवी. प्यू टोपी हातात धरून उभा होता. म्हणाला, "बाबांनी सांगितलं होतं हो, इंजिनातला क्रँकच कारखान्यातून तडकलेला आला होता."

"बाबा लिहून देतील?"

"मार्चमध्ये गेले ते."

"मग नाही," मी म्हणालो. (त्यांच्या जाण्याबद्दल दुःख मी व्यक्त केलं होतं. वेगळ्या कागदावर, नकाराच्या पत्राच्याच टपालाने.) पुढच्या निवडणुकीत तो समितीवर आला. पाव चांगले करतो म्हणून लोकांनी मतं दिली, दुसरं काही कारण मला दिसत नाही.

तर गेल्या महिन्यातला मेळावा. परीक्षक प्यू. हातात माझीच पुस्तिका, चव्वेचाळीस पानांची, नवी आवृत्ती. तिच्यात यंदा मी एक नवी तपासणी घातली होती, जगात दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती अशी: पान एकतीस. इंजिनावर नंबराची पट्टी असते ती कुणीही काढून दुसऱ्या इंजिनावर लावू शकतो. पण इंजिनाचं लोखंडी धड ओततात तेव्हाच त्याच्या पाठीवर तारीख उमटते, डायनॅमोच्या मागे, दंतवैद्याचा आरसा घातल्याशिवाय न दिसणारी. ती पुसता येत नाही. वहिनी, मी ते इंजिन तीन वेळा रंगवलं, पण डायनॅमो उतरवून रंगवलं नाही. माझ्या गाडीची पाठ तपासावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझी गाडी होती ना ती!

प्यूने गवतात रुमाल पसरला आणि गुडघ्यावर बसला. "हॅडफील्डसाहेब, पान एकतीस म्हणतं डायनॅमोमागे बघावं."

"मग बघा की."

"बघतोय." त्याने आरसा बाहेर काढून पँटला पुसला आणि पुन्हा आत घातला. मग म्हणाला, "गाडी कधीची म्हणालात?"

"मार्च पासष्ट. क्लबात नवा आलेला माणूससुद्धा सांगेल."

"इथे नोव्हेंबर अडुसष्ट लिहिलंय. साडेतीन वर्षं गाडी काय कारखान्याच्या दारात उभी होती, इंजिनाची वाट बघत?"

आधी मला वाटलं त्याला आकडे वाचता येत नाहीत. मग मी स्वतः आरसा घातला. मग क्लबाचे सगळेच रांग लावून आले. एकाने तर चहाच्या तंबूतून बायकोला बोलावून आणलं आणि आरसा तिच्या हातात दिला. प्यू उठून पँटचं गवत झटकत म्हणाला, "पट्टी मात्र जुनीच आहे. कुणीतरी काढून या इंजिनावर लावलीय. फार सुबक काम केलंय हो."

"आमच्या जेफ्रीने आयुष्यात काही सुबक केलेलं नाही," मी म्हणालो.

"मग एवढं एक केलं म्हणायचं," प्यू म्हणाला. जिलियनने माझ्या हातात चहा दिला आणि बस म्हणाली. मी बसलो. त्या दिवशी कुणाच्या काकांकडे अशीच गाडी नव्हती.

तेव्हापासून मी जेफ्रीवर चिडलेलो आहे, आणि गेलेल्या माणसावर चिडण्याची गैरसोय तुम्हाला माहीत असेलच: तो ऐकून घेतो. इंजिन मोडलं तर मोडलं. पट्टी का बदलायची? मला का नाही सांगायचं? मी त्याचा सख्खा भाऊ, त्याच गाडीचा नोंदणीकार. रविवारच्या जेवणाला दर महिन्याला माझ्यासमोर बसायचा, मी त्याला ऑल्डरटनच्या इंजिनाबद्दल सांगायचो, आणि तो बटाटे वाढून घेत "हो का? असं का?" म्हणायचा. त्याला हसू येत असेल. तसं असेल तर ते त्याला शोभलं नाही, आणि हे मी तुम्हाला कळवतो कारण त्याला कळवण्याची सोय राहिलेली नाही.

असो. गुडघ्याला जपा. बरण्या नाताळात घेऊन येतो.

आपला आज्ञाधारक दीर,
मॅल्कम

ता. क. एक किरकोळ काम होतं. खालचा मजकूर तुमच्या अक्षरात उतरवून, सही करून क्लबाच्या पत्त्यावर पाठवाल का? ‘मी, ऑड्री हॅडफील्ड, लिहून देते की माझे पती जेफ्री यांनी सदर गाडीचं इंजिन माझ्या डोळ्यांसमोर बदललं. मूळ क्रँकला कारखान्यातूनच आलेली चीर होती, ती मी स्वतः पाहिली.’ चीर तुम्ही पाहिली नसेल, पण कुणी ना कुणी पाहिली असणारच. प्यू कदाचित फोन करील. गोड बोलतो, फसू नका. तारखेची जागा मी मोकळी ठेवतो आहे, जिलियनला विचारून भरतो.

ता. ता. क. विचारलं. ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ऑगस्ट सत्त्याऐंशी. आपण बार्मथला जाऊन आलो त्याच्या पुढच्या आठवड्यात."

मी म्हटलं, तुला काय ठाऊक?

"भावजींनीच सांगितलं. आपलं लग्न ठरायचं होतं, तू एकोणीस वर्षांचा, मला समुद्र दाखवायला त्यांची गाडी मागून आणलीस. येताना लाल दिवा लागला. मी म्हटलं, मॅल्कम, लाल दिवा लागलाय. तर बार्मथपासून वेल्शपूलपर्यंत तू मला समजावत होतास की ऑल्डरटनचा तो दिवा उगाचच लागतो, वायरिंगचा दोष आहे."

(तो दिवा तेलाचा होता, वहिनी. पुस्तिकेत पान बारावर आहे. तो लागला की गाडी तत्काळ थांबवावी, नाहीतर इंजिन कायमचं जातं, असं मी ठळक अक्षरात छापलं आहे.)

मी विचारलं, मग मला सदतीस वर्षांत कुणी सांगितलं का नाही?

"भावजी म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस. आत्ता कुठे त्याला वाटायला लागलंय की आपल्याला काहीतरी येतं." आणि परत वाटाणे सोलायला लागली.

ता. ता. ता. क. वरचा मजकूर पाठवू नका. हे सगळं नव्याने लिहून काढलं असतं, पण टपाल साडेपाचला उचलतात आणि पाच वीस झाले आहेत. समितीला मी स्वतः लिहीन. कलम चौदा पुन्हा दोनदा वाचून पाहिलं. धाकट्या भावासाठी त्यात जागा नाही. तुम्ही एवढंच करा: तो इंजिन बदलत होता तेव्हा तुमच्याजवळ माझ्याबद्दल काही बोलला असेल, तर मला कळवा. शब्दशः हवं. वाईट असलं तरी चालेल.