मालिशची खुर्ची आणि पॉलिशच्या बांगड्या

कोल्हापूर, गुरुवार

आदरणीय जुलेखाआपा,

लहान भावाचा सलाम. तुझे गुडघे, दुल्हेभाईंचा खोकला आणि शेजारच्या यंत्रमागांची खडखड, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत आहोत. (फोनवर तीन वर्षं हेच सांगायचो तेव्हा ते खोटं होतं. आता खरं आहे, म्हणून लिहून देतो. फोनवर तू मध्येच बोलतेस.)

चार वर्षांपूर्वी मी दुकानात मालिशची खुर्ची घेतली, हे तुला ठाऊक नाही. गाडीचं सीटकव्हर शिवून होईपर्यंत गिऱ्हाईक बाकड्यावर ताटकळतं. त्यानं खुर्चीत बसावं, पंधरा मिनिटांचे वीस रुपये द्यावेत, असा बेत. किंमत एक लाख दहा हजार, पण हप्त्यानं घेतली की किंमत दिसत नाही, नुसती खुर्ची दिसते. आधी तपासून बघावी म्हणून मीच बसलो. आपा, काय सांगू! पाठीखालून लाटा जायच्या. डोळे मिटले की रस्त्यावरच्या गाड्या लांब कुठंतरी पाण्यातून गेल्यासारख्या ऐकू यायच्या, आणि त्या पाण्यावर माझ्या दहा खुर्च्या, मग चाळीस खुर्च्या, हळूहळू तरंगत यायच्या. ही तपासणी रोज दुपारी चालायची. शिलाई तशीच पडून राहायची.

खरं गिऱ्हाईक एकच मिळालं, शिरोळचा कृष्णात जीपवाला. खुर्चीनं त्याचे दोन्ही हात आवळले आणि नेमकी लाईट गेली. "अवो मिस्त्री, सोडवा की! ही खुर्ची हाय का पोलीस?" पाऊण तास तो ओरडत होता. लाईट आल्यावर सुटला आणि वीस रुपये न देता गेला.

खुर्चीचे हप्ते थकले, म्हणून मोबाईलच्या ॲपवरून कर्ज काढलं. ॲपसाठी पतसंस्थेचं काढलं, आणि पतसंस्थेसाठी फरहीनच्या बांगड्या गहाण टाकल्या. तिला सांगितलं, पॉलिशला दिल्यात. शेवटी मी फोन उचलेना म्हणून वसुलीवाल्यानं तिलाच लावला. ती तडक दुकानात आली. मी खुर्चीत होतो.

"आठ महिने पॉलिश चाललंय," ती म्हणाली, "आता त्यात तोंड दिसत असंल की."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बाकड्यावर बसून तिनं आमच्या अर्शीची शाळेतली जुनी वही उघडली. "कुणाकुणाचं देणं हाय, सगळं सांगा. एकदाच." मी चार नावं सांगितली. तिनं ती लिहिली, पण पेन खाली ठेवलं नाही. खुर्ची गुरगुरत होती. (तेवढ्यातही मी ती बंद केली नव्हती.) मग पाचवं सांगितलं, ते तुझं. अर्शीच्या फीसाठी म्हणून तुझ्याकडून नेलेले वीस हजार, आपा. फी तेव्हा भरून झाली होती. ते पैसे तुला केव्हाच परत मिळालेत, पण माफी मागायची राहिली होती. ती आज मागतो.

वापरलेली खुर्ची कोण घेणार? कृष्णातच आला. "त्या दिवशी माझी कंबर मोकळी झालती. आईला पायजे." पंचेचाळीस हजार रोख मोजून खुर्ची जीपमध्ये घालून घेऊन गेला. (जुने वीस रुपये मी मागितले नाहीत.) ॲपचं व्याज सगळ्यात जास्त, म्हणून फरहीननं आधी तेच मिटवलं. मग ती रोज दुकानात येऊन उरलेल्या रेक्झिनमधून जेवणाच्या डब्याच्या पिशव्या शिवू लागली, आणि त्या माझ्या सीटकव्हरपेक्षा जास्त खपल्या. वीस महिने लागले. ईदला नवे कपडे फक्त अर्शीला. गेल्या वर्षी सगळ्यात शेवटी बांगड्या सुटल्या. त्या घालून ती थेट मशीनवर बसली. मशीनच्या आवाजात बांगड्या बारीक वाजत होत्या, दुकानात उन्हं आली होती, मी कात्री हातात धरून नुसता ऐकत उभा. कापायचं राहूनच गेलं.

आता हप्ता नसला तरी तेवढी रक्कम दर महिन्याला पहिल्यांदा बाजूला पडते. सहा महिन्यांचा घरखर्च साठवायचा, असं तिनं ठरवलंय. साडेतीन महिन्यांचा झालाय. तिघांचा आरोग्य विमा उतरवला. संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो आणि अनोळखी फोन वाजला, तरी मी लगेच उचलतो. परवा एकानं विचारलं, कर्ज हवंय का. मी म्हटलं, "पावणं, राँग नंबर."

तुझा,
नईम

ता.क. खरं काम राहिलंच. आमच्या साठवणीच्या खात्यावर फरहीनसोबत तुझं नाव घालायचंय. दोघींच्या सह्यांशिवाय पैसे निघू नयेत. कल्पना माझीच. मी कधी गोड चेहरा करून इचलकरंजीला आलो तर चहा पाज, सही देऊ नकोस.

आणखी ता.क. खात्याची तशी घाई नाही. रंकाळ्यावर एकजण पायडलची हंसाची होडी विकतोय. हंसाची मान वाकडी झालीय, म्हणून स्वस्तात. काल नुसतं बसून पाहिलं. आपा, पाणी असं सोनेरी झालं होतं! फरहीनला बोलू नकोस.

आपा, सलाम. पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडंच दिलं. होडी आज सकाळी विकली गेली. नव्या मालकासाठी होडीच्या गाद्या शिवायचं काम मी घेतलंय, निम्मे पैसे आगाऊ. बँकेचा फॉर्म सोबत आहे. पेन्सिलीनं खुणा केल्यात, तिथं सह्या करा. — फरहीन