अंगावरचं तोडताना

सोमवार, ६ जानेवारी
अकोल्याहून आत्ताच मालेगावला परत. डावीकडची गाठ बोराएवढी. सुई घालून तपासावी लागेल, पण आधी बाळाचं अंगावरचं पूर्ण बंद करा, दूध आटू द्या, मग या. डॉ. बाई म्हणाल्या, "दोन वर्षांचा झाला ना? मग सोडवा की." सोडवा की! लग्नानंतर सतरा वर्षांनी झालेला सम्यक. त्याला हे कुणी समजवायचं, ते नाही सांगितलं.
ह्यांना बसमध्येच बजावलं, आईंना इतक्यात सांगू नका. "नाई सांगत."

मंगळवार, ७ जानेवारी
सकाळच्या चहालाच सांगून मोकळे.
सासूबाई : "दुधाची गाठ हाय ते. मलेबी झालती. लेकराले पाजत राह्य, तोच वढून काढते."
म्हटलं, डॉक्टर शिकलेली आहे.
"तिनं किती लेकरं पाजले?"
ह्यांच्या मते दोघींचंही बरोबर. पेपर वाचत होते.

गुरुवार, ९ जानेवारी
कडुनिंबाचा पाला वाटून लावला. सम्यकने चाटला, तोंड वाकडं केलं, माझ्याच पदराने पुसला आणि प्यायला.
शेजारच्या रेहानाभाभी म्हणाल्या, "लिपस्टिक लगाव, बोलो बाऊ झाला." लावली. त्याने फुंकर घातली. "फू. बलं झालं." आणि प्यायला. भाभी हसून हसून भिंतीला टेकल्या. मला हसू आलं नाही. नंतर आलं, मोरीत.

रविवार, १२ जानेवारी
शुक्रवारपासून एक थेंब दिला नव्हता. रडून त्याचा आवाज बसला. चावला, पातेली फेकली. माझी छाती दगड, अंगात ताप. आज दुपारी गोळी घेऊन डोळा लागला. जाग आली तर तो पितोय. सासूबाई शेजारी बसलेल्या, त्याचं डोकं धरून. ब्लाउजचे हूक त्यांनीच काढलेले.
"पी राजा, मायची गाठ पी. समदी पिऊन टाक."
त्याला ओढून बाजूला केलं. मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. कॅन्सर म्हणाले, मोठ्याने. या घरात हा शब्द पहिल्यांदाच. सासूबाईंनी सम्यकचे कान झाकले. "लेकरासमोर काय बोलतं वं माय!"
त्यांचा राग आहेच. पण तो पीत होता तेव्हा ठणका गेला होता, बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचा राग जास्त.

सोमवार, १३ जानेवारी
उठले तर सासूबाई पिशवी भरत होत्या. नणंद शेलूबाजारला असते. "तिच्या घरी ठिवतो त्याले. मीबी राह्यतो. तुया वास नसला तं इसरंन."
"किती दिवस?"
"दूध आटेस्तवर."
हे म्हणाले, "असं कराच लागते का?" म्हटलं, तुम्ही काय करणार ते सांगा.
जीपमध्ये पुढे बसायला मिळालं म्हणून सम्यक खूश. टाटा केला. वळून पाहिलं नाही. गाढव.

रविवार, १९ जानेवारी
घर आवरलेलं राहतं. चीड येते. डॉ. बाईंनी फोनवर सांगितलं, पिळायचं नाही, दुखलं तरी. दुखतं.
नणंदेचा व्हिडिओ कॉल. "वैनी, पाहा, वरन-पोळी कसा खाते! तुमाले तं इचारतही नाही." ही बातमी हसत द्यायची असते?
ह्यांनी त्याची चड्डी दोरीवरून काढून घडी केली. आयुष्यात पहिल्यांदा. कुठे ठेवायची विचारलं. सांगितलं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी
दूध आटलं. आज सुई घातली. डॉ. बाई : "शुक्रवारी रिपोर्ट. मिस्टरांना घेऊन या." का? "सगळ्यांनाच सांगते." चेहऱ्यावरून काही कळू देत नाहीत.
बसमध्ये हे म्हणाले, "काही नसंन." कशावरून? "असंच." असंच!
घरी आल्यावर सासूबाईंचा फोन. सुई दुखली का विचारलं. मग म्हणाल्या, "गुरवारी आणतो त्याले. इचारत नाही म्हने ते पोरगी, खोटं हाय. तुले बरं वाटावं म्हनून बोलते. झोपीत हात फिरवते तो, तुले शोधते." कुणी विचारलं होतं त्यांना?
गुरुवारी तो येणार. शुक्रवारी रिपोर्ट. मधली रात्र तो माझ्याजवळ झोपेल. मागेल. आटलेलं पुन्हा येतं म्हणे, तोंडाला लावलं की. नाही म्हणायचं. मला माहीत आहे.
त्या रात्री मला कुणीही काही शिकवायला येऊ नये.